खडूची जागा

३ फेब्रुवारी

ताई,

पिल्लू सुखरूप पोचल्याचं आईने फोनवर सांगितलं. फोनवर तुझ्याशी मोकळं बोलता येत नाही. फोन असतो आईच्या हातात, आणि तिला कमी ऐकू येतं म्हणून तो सगळ्या घराला ऐकवतो. म्हणून पत्र.

आईच्या वाढदिवसाला कुत्र्याचं पिल्लू पाठवल्याबद्दल तू मनातल्या मनात मला शिव्या घालत असशील. पण तू दिवसभर मशीनवर. सोफ्याच्या खोळी शिवायला बसलीस की घरात कोण आलं, कोण गेलं तुला कळत नाही. आई भिंतींशी बोलत बसते, असं तीच मला म्हणाली. त्याचं नाव तिने खडू ठेवलं हे फार आवडलं. वर्गात आयुष्य घालवलेल्या बाईला दुसरं काय सुचणार.

आता मुख्य गोष्ट. आई आमच्याकडे राहायला यायला तयार झाली आहे. चार दिवसांच्या पाहुणचाराला नाही, कायमची. तिची अट एकच, खडू बरोबर हवा. आणि आमच्या इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंचीही अट एकच, कुत्रं घाण करणारं नको. जिन्यात एक थेंब दिसला तर बाहेर. म्हणजे खडूला जागेवर शी-शू करायची सवय लागली की आई येणार. ते शिकवणं तुला करायचं आहे.

ही लहान जात. वाढून वाढून वाढणार किती, तर किटलीएवढं. त्याचं मूत्राशय द्राक्षाएवढं, त्यामुळे त्याला धीर धरता येत नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं, की लगेच उचलून ठरलेल्या जागी ठेवायचं. जागा बदलायची नाही. ते जागा डोळ्यांनी ओळखत नाही, वासाने ओळखतं. केलं की तिथल्या तिथे कौतुक करायचं. भलतीकडे केलं तर ओरडायचं नाही, मुकाट्याने पुसायचं. तुला हे शेवटचं जड जाईल, मला माहीत आहे.

आई इकडे आली की तूही जरा सुटशील.

तुझी धाकटी

१२ फेब्रुवारी

धाकटे,

सुटशील म्हणतेस. मी बांधलेली आहे असं तुला कुणी सांगितलं? आईनेच सांगितलं असेल. तुला ती काय काय सांगते आणि मला काय काय सांगत नाही, याची एक पोतडी भरेल.

तुझं पिल्लू आल्यापासून या घरात फक्त शूवर चर्चा चालते. सकाळी उठून आई आधी त्याला विचारते, "झाली का रे?" झाली असेल तर टाळ्या वाजवते. मी खोटं सांगत नाही, उभी राहून टाळ्या वाजवते. मी पहिला अख्खा सोफा एकटीने भरला, आतला काथ्या, स्प्रिंगा, वरची खोळ, सगळं, तेव्हा ही बाई त्यावर बसली आणि म्हणाली की जरा टणक आहे. आणि हे गठुळं अंगणात चमचाभर शू करतं तर त्याचा सत्कार होतो.

परवा त्याने एका हॉटेलच्या खुर्च्यांच्या खोळींवर धार सोडली. नव्या कोऱ्या, करड्या रंगाच्या. मी ओरडले. तर आई मलाच ओरडली, "धाकटीने सांगितलंय ना ओरडायचं नाही म्हणून." म्हणजे आता माझ्या घरात माझ्या खोळींवर कुणी काय करायचं आणि मी त्यावर काय बोलायचं, हेही तू तिकडे बसून ठरवणार.

जागा आईने ठरवली आहे. मागच्या अंगणात, दाराला लागून. तिथे ती काहीतरी कापड अंथरते. कसलं ते मी बघितलेलं नाही, मला कामं आहेत.

तुझ्या चष्मेवाल्यांना नमस्कार सांग. त्यांनी चष्मे विकायचे आणि तू कवळ्या बनवायच्या, म्हणजे तुमच्या घरी म्हातारं माणूस आलं की डोळे आणि दात दोन्ही घेऊन जाईल. आई चांगल्या ठिकाणी चालली आहे.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून हे इतके हसले, की शेवटी मला त्यांचा राग आला. मी हसले नाही. आई उभी राहून टाळ्या वाजवते हे वाचून माझ्या पोटात दुखलं. मला तिचं ते उभं राहणं बघायला मिळत नाही. मला तिचा फक्त आवाज मिळतो, तोही घरघर करत. तुला ती रोज अख्खी मिळते आणि तू तिच्याबद्दल तक्रारी लिहितेस. श्रीमंत माणसं जेवणात खडा लागला म्हणून तक्रार करतात तशी.

खोळींचं वाईट वाटलं. पुसताना पाण्यात थोडा सिरका घालत जा, नाहीतर वास राहतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. अंगणात मात्र कापड राहू दे, वास हवाच तिथे. इकडे आल्यावर तसंच कापड गॅलरीत अंथरलं की झालं.

तिची खोली तयार आहे. खिडकीखाली पलंग, पलंगाशेजारी खडूची टोपली. मी रोज कामावरून आले की त्या खोलीत जाऊन बसते.

शिकतो आहे ना तो?

धाकटी

६ मार्च

धाकटे,

नाही शिकत. पलंगाखाली करतो, दारात करतो, माझ्या चपलेतही करतो. काही काही कुत्री मंद असतात, त्याला इलाज नाही. तू आईला फोनवर यातलं विचारू नकोस, तिला लागतं.

मला वाटतं, पुढच्या वर्षी बघू.

ताई

१४ मार्च

ताई,

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "अगं, तो महिनाभरात एकदाही चुकलेला नाही. मी दार उघडायचा अवकाश, सरळ आपल्या कापडावर. हुशार आहे हो, तुझ्यासारखा."

तू मला खोटं का लिहिलंस, हे मी विचारणार नाही, कारण मला माहीत आहे. तुला आई सोडायची नाही. पण मग तसं लिही ना. कुत्र्याच्या नावावर कशाला खपवतेस? लहानपणी तू आईचा पदर धरून बसायचीस आणि मी जवळ आले की कोपर मारायचीस. ते कोपर अजून तसंच टोकदार आहे.

येत्या शनिवारी आम्ही गाडी घेऊन येतो आहोत. रविवारी आईला आणि खडूला घेऊन परत. तिचे कपडे भरून ठेव.

धाकटी

२५ मार्च

ताई,

परत आल्यापासून मी दोनदा लिहायला बसले आणि दोनदा कागद फाडला. आज लिहूनच टाकते.

मी दारात आले. खडू शेपटी हलवत धावत आला. मला वाटलं, बघा, मला ओळखतो. त्याने माझी पिशवी हुंगली आणि तिच्यावर पाय वर केला. मी म्हटलं, लहान आहे, आनंदाने झालं असेल. मग मी कोट खुर्चीवर टाकला, कोटाची बाही खाली लोंबत होती, त्याने नेमकं त्या बाहीवर केलं. संध्याकाळी मी आईच्या पलंगावर आडवी झाले, तर माझ्या उशीवर. आई हसून हसून डोळे पुसत होती, आणि तू मशीनवर मान खाली घालून बसली होतीस. मशीन चालू नव्हतं, ताई. मी बघितलं.

रविवारी आई गाडीत बसली, खडूला मी मांडीवर घेतलं, आणि गाडी सुरू व्हायच्या आत माझी मांडी ओली. तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता, की आता कौतुक कर. आई खाली उतरली. म्हणाली, "याला घेऊन तुझ्या जिन्यावर कसं चढायचं गं? राहू दे आत्ता." आणि त्याला घेऊन आत गेली.

साबण घ्यायला मी अंगणात गेले तेव्हा ते कापड बघितलं. माझा स्वेटर होता तो. आणि त्याच्याखाली माझा स्कार्फ, आणि माझा झोपायचा गाऊन. मागच्या हिवाळ्यात मी विसरून गेले होते ते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवताना माझ्या अंगाला लवंगेच्या तेलाचा वास लागतो, तो आंघोळीने जात नाही, कपड्यांत राहतो, तुला माहीत आहे. तू त्या मुक्या जिवाला शिकवलंस की तुझी मावशी जिथे जिथे असेल, तिथे तुझा संडास.

माझ्यावर जळणारं माणूस मी बघितलं नव्हतं असं नाही. पण इतकं मन लावून, रोज सकाळ-संध्याकाळ जळणारं पहिल्यांदाच बघितलं.

मी आता पत्र लिहिणार नाही.

धाकटी

२ एप्रिल

धाकटे,

नको लिहूस, पण हे वाच.

मी जळते. ते तू लिहिलंस ते बरोबर आहे, आणि एकदा स्पष्ट बोलून टाकलेलं बरं. तुझा फोन आला की आईचा आवाज एकदम तरुण होतो. तू पाठवलेला भिकार डबासुद्धा ती पाहुण्यांना काढून दाखवते. माझे जुने कपडे या घरात राहत नाहीत. ते फाडून मशीनचं तेल पुसायला घेतो, मीच फाडते, आई फडकं मागते आणि मी माझ्या परकराला कात्री लावते. तुझे कपडे मात्र आईने कपाटात वेगळे ठेवले होते, न धुता. मी एकदा धुवायला काढले तर हातातून ओढून घेतले. म्हणाली, "त्यांना वास आहे तिचा." मी तिच्या शेजारच्या खोलीत झोपते, माझ्या वासाचं तिला काही पडलेलं नाही.

आता ऐक. ते कपडे अंगणात मी नाही अंथरले. आईने अंथरले.

पिल्लू आलं त्या आठवड्यात तिने कपाट उघडलं, तुझा स्वेटर काढला आणि मला म्हणाली, "याला धाकटीच्या वासाची सवय होऊ दे. म्हणजे तिकडे गेल्यावर परकं नको वाटायला." वर्षभर जपलेली ठेव होती ती तिची. कुत्र्याला तुझ्याकडे करमावं म्हणून तिने ती चिखलात टाकली. तिला एवढंच कळलं, की वासाची सवय व्हायला पाहिजे. कसली सवय होते आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही.

माझ्या आलं. तुझं पहिलं पत्र मी नीट वाचलं होतं. ते जागा वासाने ओळखतं असं तूच लिहिलं होतंस. मला पहिल्याच दिवशी दिसलं की हे कुत्रं तुझ्या घरात पाऊल टाकेल आणि सगळं घर अंगण समजेल. मी बोलले नाही. रोज सकाळी आई टाळ्या वाजवायची आणि मी मशीनवर बसून मनात म्हणायचे, वाजव.

मला खूप बरं वाटायचं, हे तुला कळू दे. पण तू गेल्यावर आई अंगणात जाऊन तो स्वेटर उचलून आणायला लागली. धुवायला नेला. मी म्हटलं, राहू दे, फेकून देऊ. ती म्हणाली, "मीच घातला ना घोळ. आता ती मला बोलवेल का गं परत?" मला. कुत्र्याला नाही म्हणाली. मला असं विचारत होती, की जणू तू माझ्या ताब्यात आहेस.

तिला यायचं आहे तुझ्याकडे. मला वाटत होतं तू ओढते आहेस. ती स्वतःच निघालेली आहे.

तेव्हा तुझा कामावरचा हात पुसायचा टॉवेल पाठव. न धुता. कुत्रं जिथे खातं आणि झोपतं तिथे घाण करत नाही, एवढं मला आता कळतं. तुझ्या वासावर त्याला जेवायला वाढते. शू करायला गोणपाट देते, त्याला फक्त गोणपाटाचाच वास.

ताई

१० एप्रिल

ताई,

टॉवेल पाठवला आहे. एक नाही, चार. आठवड्याला एक काढ, वास उडतो.

आईला सांग, धाकटी बोलावते आहे. तू सांगितलंस तर तिचा विश्वास बसेल, मी फोनवर सांगितलं की तिला वाटतं मी समजूत घालते.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. फक्त तो नक्की कुठे ठेवायचा ते कळेनासं झालं आहे.

धाकटी

१८ मे

धाकटे,

झालं. तुझं कुत्रं तयार आहे.

पहिले काही दिवस हाल झाले. मी टॉवेलवर त्याची वाटी ठेवली, तर हा वाटीत बघायचा, मग टॉवेलकडे, मग माझ्याकडे, आणि पाय वर करायचा. मी उचलून गोणपाटावर. पुन्हा वाटी, पुन्हा पाय. मी एकदाही ओरडले नाही, हे आई सांगेल तुला. सोफा उसवून परत भरते तसं केलं मी ते. जुनी शिवण सगळी काढल्याशिवाय नवी घालता येत नाही. सिरक्याने अंगण पुसून पुसून माझ्या बोटांची सालं निघाली. गोणपाट आधी अंगणात ठेवलं, मग दारात, मग घरातल्या कोपऱ्यात एका पत्र्याच्या परातीत, आणि तो त्याच्या मागे मागे फिरला. आता परात उचलून गॅलरीत ठेवलीस तर तिथेही जाईल. आणि तुझ्या टॉवेलवर डोकं ठेवून झोपतो. मला ते बघवत नाही, पण झोपतो.

दुपारी मात्र टोपलीत जात नाही. माझ्या मशीनखाली येऊन पायपट्टीला टेकून पडतो. मी पाय हळू मारते.

आईचे कपडे भरले आहेत. तिच्या उशीचा कापूस नवा भरला, तिकडची उशी तिला चालणार नाही. रात्री तिला एकदा उठावं लागतं, तेव्हा दिवा चालू ठेव. विचारलंस तर नको म्हणेल.

रविवारी या. मी त्या दिवशी हॉटेलात खुर्च्या पोचवायला जाणार आहे, किल्ली आईकडे असेल.

ताई

२० जून

ताई,

तू मुद्दाम गेली होतीस ना खुर्च्या घेऊन? रविवारी कुठलं हॉटेल खुर्च्या घेतं? आईने गाडी कोपऱ्यावर थांबवायला लावली होती. बराच वेळ मागे बघत बसली होती. मी लिहिणार नव्हते हे, पण लिहिलं.

खडू एकदाही चुकलेला नाही. व्यवस्थेवाल्या बाई परीक्षा घेतल्यासारख्या येऊन गेल्या, गॅलरी हुंगून गेल्या, आणि जाताना त्याच्या डोक्यावर हात फिरवून गेल्या. माझ्या मांडीवर तो झोपतो. तुझं काम चोख आहे.

आता माझं ऐक. मला वाटलं होतं, आई आली की मी जिंकले. रोज कामावरून धावत घरी येते. आणि आई काय बोलते? तू. सकाळपासून तू.

आमच्या सोफ्यावर बसली, बाजूची शिवण चिमटीत धरली आणि म्हणाली, "ही माझ्या थोरलीने बघितली असती तर उभ्या उभ्या उसवून टाकली असती." चहा केला तर म्हणाली, थोरलीच्या हातचा जरा कडक असतो, मला तसाच लागतो. व्यवस्थेवाल्या बाईंना तिने बसवून सांगितलं, की माझी थोरली डोळे मिटून सोफ्यावरून हात फिरवते आणि आत कुठली स्प्रिंग मेली आहे ते सांगते, असा हात कुणाचा नाही. बाई म्हणाल्या, आणि ही धाकटी? आई म्हणाली, "हो, हीपण करते काहीतरी दातांचं." काल माझ्या नवऱ्याला म्हणाली, थोरली नसती तर मी कधीच गेले असते. मी दारात उभी होते, ताट घेऊन.

माझा तिळपापड होतो आहे. मी तिची खोली सजवली, रजा घेतली, रात्रीचा दिवा चालू ठेवते, आणि घरात नाव तुझं. मला आजवर वाटायचं, तुझी मजा आहे, रोज समोर बसून कौतुक ऐकत असशील. खरं सांग ताई, ती तिकडे तुझ्यासमोर माझं असंच करायची का? जवळ असेल त्याला वाढायचं आणि नसेल त्याचे गोडवे गायचे, अशीच आहे का ती?

तसं असेल तर तू इतकी वर्षं हे कसं सोसलंस ते मला कळव, कारण मला महिनाभर जमत नाही.

धाकटी

२७ जून

धाकटे,

हो, अशीच आहे. सवय होत नाही, तेव्हा वाट बघू नकोस.

इथे ठीक आहे. काम खूप आहे. मशीन चालवताना अजून पाय हळू मारते, खाली कुणी नाही तरी.

तुझं पत्र मी सकाळी वाचलं, दुपारी वाचलं, आणि आता समोर ठेवून हे लिहिते आहे. माझ्यासमोर आई असलं काही कधी बोललेली नाही. माझ्या तोंडावर ती "जेवून घे, गार होतंय" म्हणते, आणि "जरा टणक आहे" म्हणते. ती माझ्याबद्दल काय बोलते ते मी या वयात पहिल्यांदा वाचलं, तेही तुझ्या अक्षरात, तू रागाने लिहिलेलं.

तेव्हा पुढच्या पत्रात बाकी काही नको. ती काय काय म्हणाली तेवढं सगळं लिही, तिच्याच शब्दांत. स्प्रिंगबद्दलचं मला थोडकं वाटलं. जळून काही गाळलं असशील, तर तेही लिही.

ताई